किल्ली काढली तरी बंद न होणारी गाडी

ये गं, जवळ ये जरा. मी लिहितेय आणि तू पुण्यात खोलीवर बसून वाचणार आहेस, हे मला कळतं. पण तू माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलीयस असं धरल्याशिवाय माझा हात चालत नाही. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. फोन करतेस, "आजी, गाडी झाली का? नकाशा कुठं मिळाला?" एवढं विचारतेस आणि माझं तोंड उघडायच्या आत ठेवून देतेस. जेवलीस का विचारलं तर म्हणतेस, मागवलंय. माग बाई. पण हे मागवून येणार नाही. हे बसूनच ऐकावं लागेल.

आणि मी तुझ्याशी खोटं बोलले, तेही यातच आहे. तुझी आई न्हाणीत पडली नव्हती.

खंडेनवमीला तुझी परीक्षा होती म्हणून तू आली नव्हतीस. आपल्या घरी त्या दिवशी पाने, हातोडे, गाड्या धुऊन पुजतात. आजोबा गेल्यापासून ते काम तुझ्या आईकडंच आलंय. तिनं सकाळी सगळे पाने पुसून पाटावर मांडले, मग शेडमधली आजोबांची जुनी परदेशी डिझेल गाडी धुतली. मीच म्हणाले तिला, बॉनेट उघडून आतनंही पूस, आजोबा पुसायचे. तिनं फडकं फिरवलं, झेंडूचा हार घातला. एवढंच तिनं केलं. हे नीट ध्यानात ठेव.

दुपारी तुझा बाबा शिरवळहून कंपनीतनं आला. नारळ फोडला, गाडी काढली, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आला. शेडमध्ये लावून किल्ली काढली. किल्ली त्याच्या हातात, आणि गाडी धडधडतेय. परत किल्ली घातली, फिरवली, काढली. धडधड तशीच. ब्रेकही दगडासारखा घट्ट झालेला. असलं डिझेल इंजिन गेअरमध्ये घालून क्लच सोडला की गुदमरून बंद पडतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं तसं केलं. पण ब्रेक धरतच नव्हता. गाडीनं म्हशीसारखी धडक मारली आणि शेडची मागची भिंत घेऊन थांबली. विटा टपावर पडल्या. त्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. मग एकदम सगळं गप्प झालं.

तो खाली उतरला. भुवईतनं रक्त येत होतं. तुझी आई आरतीचं ताट घेऊन दारातच उभी होती. तो सरळ तिच्यापाशी गेला.

"पुसताना आतली नळी ओढलीस न्हवं?"

ती न्हाई म्हणेपर्यंतही तो थांबला नाही. उघडा पंजा, डाव्या कानावर. ताट गरगरत अंगणात गेलं. ती खाली बसली तशी पाठीत लाथ. मग शेडमधला लोखंडी रॉड उचलला, तेव्हा मला वाटलं आता संपलं. पण तो वळला आणि गाडीचा दिवा फोडला, मग दुसरा, मग काच. रॉड वाकेपर्यंत मारत होता. मी पायरीवर उभी होते. मी हूं की चूं केलं नाही. मार चालू असला की आवाज करायचा नाही, आवाज केला की वाढतो, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की सुनेच्या कानातनं रक्ताचा धागा उतरताना दिसला तरी माझं तोंड उघडलं नाही.

उघडलं ते डॉक्टरांपुढं. तिला विचारलं, कसं लागलं? ती बोलायच्या आत मी म्हणाले, न्हाणीत पडली. कानाचा पडदा फाटलाय म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कागदावर लिहायला खाली मान घातली. तेच वाक्य मी तुला फोनवर सांगितलं. माझं ते पाठच आहे. माझ्यासाठीच केलेलं पाठ.

पुढं रोज संध्याकाळी एकच. तुझा बाबा कंपनीच्या बसनं यायचा, चप्पल काढायचा आणि तिला शेडमध्ये बोलवायचा. "आठव, कुठली नळी ओढलीस?" बॉनेटखाली केसांसारख्या बारीक काळ्या नळ्यांचं जाळं. ती एकीवर बोट ठेवायची, ती नळी नीट निघायची, की तो मनगट पिरगाळायचा. मग ती दुसरीवर बोट ठेवायची. जे केलंच नाही ते आठवायचं तरी कसं? तिसऱ्या दिवशी मनगट सुजून पोळपाटाला हात लावता येईना.

तेव्हा मी ठरवलं, या नळ्यांचा नकाशा शोधायचा. कुठली नळी कुठून कुठं जाते ते कागदावर दिसलं की तिनं काही तोडलं नाही हे त्याला दाखवता येईल. तुला फोन केला तो त्यासाठी. तू बिचारीनं चित्रं पाठवलीस. एक पेट्रोल गाडीचं निघालं. एकात स्टिअरिंग डावीकडं होतं, सगळ्या नळ्या उलट्या बाजूनं. तुझा काही दोष नाही, तुला मी कारणच सांगितलं नव्हतं. साताऱ्यात दोन गॅरेजं फिरले. पोरं चांगली आहेत, पण गाडीला वायर लावून कॉम्प्युटरमध्ये बघतात. म्हणाले, आजी, हिला वायर लावायला जागाच न्हाई. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मात्र सांगितलं, असल्या गाड्यांच्या बॉनेटला आतनं कागद चिकटवलेला असतो, त्यावर सगळ्या नळ्या काढलेल्या असतात. घरी जाऊन बघा.

घरी येऊन बॉनेट वर केलं. कागदाएवढा एक चौकोन होता. पण कागद नव्हता, ब्लेडनं खरवडलेला पत्रा होता.

मग मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधी होते?

तुझे आजोबा या भागातले नावाजलेले मिस्त्री. त्यांची एक रीत होती. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीचा असला कागद ते ब्लेडनं खरवडून काढायचे. पुस्तक असलं तर ते चुलीत. म्हणजे ती गाडी दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येणार नाही, फिरून आपल्याच दारात येईल. सगळं डोक्यात ठेवायचे, आणि डोक्यातलं कुणाला द्यायचे नाहीत. एका वकिलांनी टाकून दिलेली ही गाडी त्यांनी स्वतःसाठी उभी केली, तिचाही कागद खरवडला. मला शेजारी बसवून फिरवायचे. या गाडीत त्यांच्या दारातली खुंटी दाबली की चारी दारं एकदम बंद होतात. ते खुंटी दाबायचे आणि मग चालू करायचे, तोंड आणि हात दोन्ही. मी माझ्या बाजूची खुंटी वर ओढायची, ते आपली वरखाली करायचे, माझी खट्कन आत. मी दाराला लाथा घातल्यात, गं. त्या दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर माझ्या टाचेचे डाग अजून आहेत, बघ आलीस की.

त्यांच्या हाताखाली माझ्या माहेरचा एक जण होता. माझं माहेर सांगलीजवळ माधवनगरचं, वडील गिरणीत मागावर. हा शेजारच्या घरातला, माझ्या भावाच्या बरोबरीचा. मला अक्का म्हणायचा, भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा. मीच त्याला कामाला लावलं होतं. त्याला शिकायचं होतं आणि आजोबा शिकवत नव्हते. मग तो ते बाहेर गेले की बघून बघून वहीत नळ्या काढायचा. माहेरहून आणलेले रंगीत सुताचे तुकडे माझ्याकडं असायचे. मागावर तुटलेला धागा ओळखू यावा म्हणून वडील रंगीत सूत बांधायचे, तसं नळ्यांना बांध, असं मीच त्याला सांगितलं. तांबडं ब्रेकला, हिरवं किल्लीला, पिवळं दारांना. वही तो डब्याच्या पिशवीत भाकरीखाली ठेवायचा. हे त्याला ठाऊक आणि मला ठाऊक.

एक दिवस आजोबांना नळीच्या बुडाशी हिरव्या सुताचा तुकडा दिसला. ते घरात आले. माझ्या पेटीतलं सुताचं बोचकं काढून माझ्या तोंडावर मारलं. आधी पट्ट्यानं, मग पाण्याच्या तांब्यानं. कोण उतरवून घेतंय, विचारत होते. मी किती वेळ सोसलं ते सांगत नाही, कारण कितीही सोसलं असलं तरी शेवटी मी बोलले. म्हणाले, वही त्याच्या डब्याच्या पिशवीत हाय.

तो तेव्हा याच गाडीत वाकून काम करत होता. आजोबा मागनं गेले. त्यांनी बॉनेट दोन्ही हातांनी धरलं आणि खाली आणलं. त्याचा उजवा हात खालच्या पत्र्याच्या कडेवर होता. मग बॉनेट उचललं आणि परत आणलं. तिसऱ्यांदाही. आवाज आधी पत्र्याचा होता, नंतर पत्र्याचा नव्हता. वही त्याच्या डोळ्यांसमोर पेटवली. तो हात पंच्यात गुंडाळून चालत स्टँडवर गेला. तुझा बाबा तेव्हा शाळेत गेला होता, त्यामुळं मला वाटायचं, त्यानं काही बघितलं नाही.

तर मला आता नकाशा हवा होता आणि तो जगात एकाच्याच डोक्यात उरला होता. मी सांगलीची गाडी धरली.

माधवनगरात त्याचं गॅरेज आहे, छोटंसं. म्हातारा झालाय. उजव्या हाताची मधली तीन बोटं वाळलेल्या शेंगांसारखी वळलेली, पाना डाव्या हातानं धरतो. मला बघून उठला नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाडी बंद होत न्हाई, ब्रेक घट्ट, सुनेला मारतोय, नळ्यांचा नकाशा काढून दे. आणि हेही सांगितलं की वहीचं मीच बोलले होते. म्हटलं, हे सांगून मगच मागावं.

तो म्हणाला, "ते मला त्याच दिवशी कळलं, अक्का. दुसरं कोण होतं?"

मग उठला. समोर एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिच्यापाशी गेला आणि डाव्या हातानं बॉनेट धरलं.

"हात ठेवा इथं."

मी ठेवला. उजवा ठेवला, कडेवर, जिथं त्याचा होता. खरं सांगते, पळावंसं वाटलं नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता, हाताकडं बघत होता. त्याचा श्वास मोठा होत गेला, दंडाची शीर वर आली. त्यानं बॉनेट खाली आणायला सुरुवात केली. हळूहळू. माझ्या बोटांवर पत्रा टेकला, गार. मग वजन यायला लागलं. हाडापर्यंत आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी हात काढला नाही. तिथं किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यानं एकदम बॉनेट वर फेकलं, ते मागं आदळलं, आणि त्यानं शेजारचा पाण्याचा डबा लाथेनं उडवला. भिंतीवर जाऊन फुटला तो. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

"माझ्याच्यानं हुईत न्हाई," म्हणाला. रागानंच म्हणाला. माफ केलं असं काही त्यात नव्हतं. मग चहा मागवला.

चहा गार होईपर्यंत त्यानं कागदावर नकाशा काढला, वाकडी बोटं पेन्सिलीभोवती गुंडाळून. काढता काढता समजावत होता. व्हॅक्यूम म्हणजे ओढ, अक्का. नळीनं उसाचा रस ओढता तशी. इंजिनावरचा पंप सारखी हवा ओढतो. जाड नळीतनं ती ओढ ब्रेकला जाते. त्याच जाड नळीला एक तोटी, तिला दोन बारीक नळ्या. एक किल्लीपाशी जाते, किल्ली काढली की तीच ओढ डिझेलची वाट बंद करते. दुसरी दारांत जाते, खुंट्या वरखाली करायला. दारात रबराची पिशवी असते. ती फाटली की सगळी ओढ तिथनंच गळते. मग ब्रेकला काय पुरणार आणि किल्लीला काय? पिवळं सूत बांधायचो ती नळी उपसा, तोंडावर अंगठा दाबा, किल्ली काढा. बंद पडली तर दारातच हाय दुखणं.

मी कागदाची घडी केली. म्हटलं, देवासारखा भेटलास, आता दाखवते त्याला, तिनं नळी ओढलीच न्हवती.

तो पेन्सिल खाली ठेवत म्हणाला, "आणि वढली असती, तर?"

मी सांगलीहून साताऱ्यापर्यंत त्या प्रश्नावर बसून आले. खिडकीतनं काही दिसलं नाही मला. एवढी वणवण केली ती कशासाठी, तर तिची चूक नव्हती हे दाखवायला. म्हणजे चूक असती तर तुझ्या बाबाचा पंजा बरोबर होता, असं मी कधीच कबूल करून बसले होते. माधवनगरच्या त्यानं तर वही खरंच लिहिली होती. मग त्याची बोटं बरोबर मोडली होती का?

संध्याकाळी तुझा बाबा आला. तुझ्या आईला शेडमध्ये हाक मारायच्या आत मी तिथं जाऊन उभी राहिले. म्हटलं, गाडी चालू कर. त्यानं केली. मी बॉनेट वर करून कागद कडेच्या पत्र्यावर पसरला, तोटी शोधली, दारांकडं जाणारी बारीक नळी उपसली आणि तोटीच्या उघड्या तोंडावर अंगठा दाबला. अंगठ्याचं मांस आत ओढलं गेलं, गं, लहान बाळाच्या तोंडासारखं. म्हटलं, काढ किल्ली. त्यानं काढली. इंजिन एकदा हललं आणि थांबलं. इतक्या दिवसांनी किल्लीनं थांबलं.

तो खूश होऊन खाली उतरला. खरंच खूश झाला, मला ते बघवेना. म्हणाला, म्हणजे दारातच होतं हे, तिनं केलं न्हवतं. बरं झालं कळलं. एवढंच. घरात कान बांधून बसलेल्या बाईचं त्यात काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "केलं असतं, तर मारायचं व्हतंस का?"

त्याला आधी कळलंच नाही. मी परत विचारलं. मग त्याचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखते, चाळीस वर्षं त्याच्यासमोर भाकरी वाढली आहे. म्हणाला, तू तिची बाजू घेऊ नको. आणि त्यानं बॉनेट खाली आपटलं. माझा अंगठा तोटीवरनं निघून दोन श्वास झाले असतील. पत्र्याचा वारा बोटांना लागला.

त्यानंही ते बघितलं. माझा हात आणि कड, दोन्हीकडं बघितलं. म्हणाला, "मला दिसलं न्हाई, आई."

मी म्हटलं, "तुझ्या बापालाबी कवा दिसलं न्हाई. किल्ली ठेव हितं. शिरवळात कंपनीची खोली मिळती तुला, तिथं जा. घर माझ्या नावावर हाय. ती हितं ऱ्हाईल. तिनं बोलावलं तर यायचं."

त्यानं खंडेनवमीपासून तसाच मांडलेला पाट उधळला, पूजेचे पाने अंगणभर उडाले. एक माझ्या नडगीला लागला, अजून निळं आहे. किल्ली माझ्या पायाशी फेकली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आईला घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेले आणि म्हटलं, न्हाणीचं ते खोटं होतं, खरं लिहा. त्यांनी पहिला कागद काढला. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी तेव्हाच बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवलं होतं. मी काय ते विचारलं नाही.

म्हणून बाबा शिरवळला असतो. शिफ्टचं कारण सांगितलं तेही खोटं. आणखी काही खोटं उरलेलं नाही.

गाडीचं म्हणशील तर काच-दिवे नवे बसवले, आणि तोटीच्या त्या उघड्या तोंडात तुझ्या आईनं एक छोटा स्क्रू घट्ट बसवला. ब्रेक मऊ झाला, किल्लीनं गाडी बंद होते. फक्त दारं आता एकदम बंद होत नाहीत, ज्याची त्यानं आपली खुंटी दाबायची. नवी रबराची पिशवी सांगलीहून पाठवू का, असा निरोप आला होता. नको म्हणून कळवलं. नकाशाचा कागद मात्र बॉनेटला आतनं चिकटवलाय, त्या खरवडलेल्या चौकोनावरच, आणि त्याची झेरॉक्स साताऱ्यातल्या त्या दोन्ही गॅरेजांना दिलीय.

तुझी आई रोज मैदानावर गाडी शिकते. डाव्या कानानं तिला अर्धंच येतं. मी शेजारी बसते. परवा म्हणाली, "आत्या, बरं झालं डावा गेला, तुमी त्याच बाजूला बसता आणि लय बोलता." म्हणाली आणि हसली, आणि मग हसता हसता स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली. मी माझ्या बाजूचं दार एकदा उघडून बघितलं. उघडतं. परत लावलं.

तर ये आता. दिवाळीसाठी थांबू नको. रेल्वेनं ये आणि लोणंदला उतर, तुझी आई न्यायला येते म्हणतेय, गाडी घेऊन. आल्यावर आधी तिच्या उजव्या बाजूला बस आणि तिला तिच्या तोंडानं सांगू दे. माझं सांगून झालं. लवकर ये, बाळ.